शिवगोंडाची साथ

मी शेवटच्या बाकावर बसून जितकं बेसूर गाता येईल तितकं गात होते. वय पस्तिशीचं, कॉलेजात संगीताची प्राध्यापिका, अंगावर कडक इस्त्रीची साडी, आणि मी सहावीतली एक द्वाड मुलगी झाले होते. पुढच्या बाकांवर माझेच विद्यार्थी बसले होते आणि तेही सहावीतले झाले होते. कुणी शेजारणीची वेणी ओढत होतं, कुणी बाकाखाली लपून चिंचा खात होतं. चिंचा मात्र खऱ्या होत्या.

याला कुणी थिल्लरपणा म्हणू नये, हा आमचा अभ्यासक्रम होता. गडहिंग्लज भागातल्या आमच्या कॉलेजात तेव्हा शाळांसाठी संगीत शिक्षक तयार करायचा वर्ग चाले. खऱ्या शाळेतल्या खऱ्या पोरांपुढे सोडण्याआधी प्रत्येकानं असा खोटा पाठ आपल्याच सोबत्यांपुढे घ्यायचा, अशी रीत होती. चुकणाऱ्या पोराचं काम नेहमी माझ्याकडे असे. माझ्याइतकं नेमकं बेसूर दुसऱ्या कुणाला गाता येत नसे, आणि याचा मला थोडा अभिमानही होता.

समोर पेटीपाशी शिवगोंडा मगदूम बसला होता. अंगानं पैलवान, बोलणं मात्र मान खाली घालून. ओळीच्या शेवटी सूर वर चढायचा होता, तिथं मी तो मुद्दाम खाली सोडून दिला. शिवगोंडानं थांबवायला हवं होतं. तो थांबला नाही. त्याचा हात पट्ट्यांवरून सरकला आणि माझ्या चुकलेल्या सुराखाली त्यानं असा काही सूर आणून ठेवला, की गाण्याची चाल मुळात तशीच असावी असं वाटलं. मी आणखी खाली घसरले. तोही माझ्यामागून खाली आला. बाकीचा वर्ग पेटीमागून आला. गाणं जिथं सुरू झालं होतं तिथून चांगल्या तीन पट्ट्या खाली येऊन आम्ही सगळे गुण्यागोविंदानं थांबलो.

मी बाकावर हात आपटला. "शिवगोंडा, मी चुकले होते."

"होय, बाई."

"कळलं होतं ना? मग थांबवलं का नाहीस?"

त्यानं आधी आपल्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हात आपसूक तिकडं गेला वो, बाई. तुम्ही एकट्याच पडला होता तिथं."

वर्ग हसला. मला मात्र कपाळाला हात लावायची पाळी आली, कारण हे पहिल्यांदा घडत नव्हतं.

शिवगोंडा मिसरूड फुटायच्या आधीपासून भजनी मंडळांत पेटीची साथ करत होता. साथीदाराचं काम म्हणजे गाणाऱ्याच्या मागून जायचं. बुवांचा दम संपला की पेटीनं जागा भरून काढायची, बुवा चुकले की पेटीनं चुकायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की दोघांचं आधीच ठरलेलं होतं. या कामात शिवगोंडाचा हात धरणारा त्या पंचक्रोशीत कुणी नव्हता. पण शाळेतला शिक्षक पोरांच्या मागून जायला लागला तर पोरं शिकणार कधी? आमच्या वार्षिक पाठाला 'चूक दुरुस्ती' नावाचं गुणांचं वेगळं सदर होतं. त्यात जो नापास तो सगळ्यात नापास, मग बाकी कितीही छान गाऊ दे. शिवगोंडा त्या सदरात दोनदा नापास झाला होता. दोन्ही वेळा पोरं खाली घसरली, हा त्यांच्याबरोबर घसरला, आणि पाठ संपल्यावर पोरं टाळ्या वाजवत होती.

तिसरी संधी शेवटची. ती गेली तर विद्यापीठाच्या नियमानं दार कायमचं बंद. त्याच्या गावच्या हायस्कुलात संगीताची जागा रिकामी होती आणि हेडमास्तर जूनपर्यंत थांबायला तयार होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे संकेश्वरची महादेवी. दोघांचं एकमेकांवर मन होतं, घरच्यांना माहीत होतं, पण महादेवीच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं की गावोगाव पेटी वाजवत हिंडणाऱ्याला पोरगी देणार नाही, मास्तर झाला तर उद्या देतो. हे सगळं शिवगोंडानं मला सांगितलं ते बुटांकडे बघत. तो पहिल्यांदा नापास झाला तेव्हाच मी ठरवलं होतं, की या पोराला पास करून दाखवीनच.

मग काय, मी हात धुऊन त्याच्या मागे लागले. चूक दुरुस्तीच्या चार पायऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवल्या: थांबवा, दाखवा, म्हणवून घ्या, शाबासकी द्या. त्या त्याच्याकडून पाठ करून घेतल्या. पेटी काढून घेतली, तर तो गळ्यानं साथ करायला लागला. एकदा पेटीचा भाताच दोरीनं बांधून टाकला. त्या दिवशी मी चुकले तेव्हा तो तोंडानंही काही बोलला नाही, पण माझ्या चुकीबरोबर त्याची मान अशी काही हलली की मला मेलीला वाटलं, चांगलं गातेय की मी. दोन वर्षं मी हे करत होते. घरी आई म्हणायची, स्वतःच्या लग्नासाठी एवढी खटपट केली असतीस तर नातवंडं बघितली असती मी.

वार्षिक पाठाचा दिवस आला. गावातल्या मुलामुलींच्या शाळेत सहावीच्या वर्गावर पाठ होता. बाहेरच्या परीक्षक म्हणून कोल्हापूरहून इनामदारबाई आल्या होत्या. काटकुळ्या, पांढऱ्या पातळातल्या, आणि कुणी कधी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. पाठ चालू असताना त्या चहा घेत नसत आणि दुसऱ्यालाही घेऊ देत नसत. त्या वर्गाकडे निघाल्या, मी त्यांच्यामागून निघाले, तेवढ्यात माझा पदर कुणीतरी ओढला.

शबाना नाईकवडी. माझ्या वर्गातली सगळ्यात चलाख मुलगी. वडिलांचा लग्नाचा बँड होता, त्यामुळे ऐन वेळी काहीही जमवून आणायची घरचीच सवय. ती माझ्या कानाशी लागली. बाई, काळजी सोडा, म्हणाली, मी सगळी व्यवस्था केलीय. गेला आठवडाभर मधल्या सुटीत येऊन ती या वर्गाकडून तेच गाणं घोटून घेत होती. जी पोरं भसाड्या आवाजाची होती त्यांना तिनं नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. म्हणजे आता चूक व्हायचीच नाही. पण चूक झालीच नाही तर चूक दुरुस्तीचे गुण कसे मिळणार? म्हणून तिनं एक चूक मुद्दाम पेरली होती. रत्नव्वा नावाची मुलगी, वर्गात सगळ्यात सुरेल, पहिल्या बाकावर बसणारी. दुसऱ्या ओळीच्या शेवटी सूर चढतो तिथं तिनं तो खाली ठेवायचा. एवढी मोठी चूक, तीही पहिल्या बाकावरून, शिवगोंडाला थांबवावंच लागेल.

"त्याला माहीत आहे हे?" मी विचारलं.

"त्याला कशाला सांगते? त्यानं आधीच नको म्हटलं असतं," शबाना म्हणाली आणि खिडकीकडे पळाली.

माझी अवस्था सांगायला नको. थांबवावं तर शिवगोंडाचा पाठ रद्द, न थांबवावं तर मी त्या लबाडीत भागीदार. तोवर इनामदारबाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या आणि त्यांनी पेन्सिल हातात घेतली होती. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि देवाचं नाव घेतलं.

सुरुवात छान झाली. मुंग्यांचं गाणं होतं, शिवगोंडानं स्वतःच रचलेलं. मुंग्या भिंत चढतात तशी चालही एक एक सूर वर चढत जाते. त्यानं पोरांना विचारलं, मुंगी साखरेचा दाणा घेऊन भिंत कशी चढते, आणि चाळीस हात वर झाले. मग त्यानं पहिली ओळ म्हटली. पोरांनी ती एका फटक्यात उचलली. इतकी एका फटक्यात, की इनामदारबाईंची भुवई वर गेली.

दुसरी ओळ. शेवटी सगळी पोरं वर चढली आणि रत्नव्वा एकटी खाली राहिली. खणखणीत आवाजात, चूक अगदी सुपारी ठेवावी तशी मधोमध ठेवली.

शिवगोंडाचा हात सरकला आणि तिच्या सुराखाली जाऊन बसला.

रत्नव्वा गोंधळली. तिला वाटलं, सरांना ऐकू आलं नसेल. दुसऱ्या खेपेला तिनं तोच चुकीचा सूर आणखी मोठ्यानं लावला आणि डोळे मोठे करून सरांकडे बघितलं. सरांनी हसून मान डोलावली आणि आणखी गोड साथ केली. तिसऱ्या खेपेला तर मागची पोरंही पेटीमागून तिच्या सुरावर आली. खिडकीत शबानाचं डोकं दिसत होतं, ती दोन्ही हातांनी शिवगोंडाला थांब थांब म्हणून खुणा करत होती. त्याचं लक्ष फक्त पोरीकडे. इनामदारबाईंची पेन्सिल चूक दुरुस्तीच्या सदरावर येऊन टेकली होती. मला महादेवीच्या वडिलांचं तोंड दिसायला लागलं, मी त्यांना कधी बघितलं नव्हतं तरी.

शेवटी रत्नव्वाच उभी राहिली.

"सर, माझं चुकलंय. थांबवा की मला."

शिवगोंडाची बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली. इनामदारबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं, "चुकायला कुणी सांगितलं तुला?"

रत्नव्वानं सरळ खिडकीकडे बोट केलं. "त्या ताईंनी."

शबानाचं डोकं खिडकीतून नाहीसं झालं. इनामदारबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी बाकाखाली जागा असती तर मी तिथं गेले असते. मग त्या शिवगोंडाला म्हणाल्या, "चालू ठेवा. तास अजून संपलेला नाही."

बिचाऱ्याला आत्ता कुठं उमगत होतं की आपल्या पाठात काय काय शिजलंय. पण तो रत्नव्वाला म्हणाला, बरं, आता बरोबर म्हण बघू. तिनं म्हटलं. सूर तिथंच गेला, खाली. तिनं परत म्हटलं. परत खाली. आठवडाभर इतकं मन लावून तिनं ती चूक घोटली होती की आता बरोबर सूर तिच्या गळ्यातून निघेना. खोटी चूक खरी होऊन बसली होती. पोरं हसायला लागली. वर्गात सगळ्यात चांगली गाणारी मुलगी ती, आपल्याला कुणी हसावं याची तिला सवय नव्हती. तिचे डोळे भरून आले.

मी मागून खुणा केल्या. दाखवा, म्हणवून घ्या. बोटांवर पायऱ्या मोजून दाखवल्या. शिवगोंडानं माझ्याकडे बघितलं. माझी खूण त्याला पक्की कळली होती, हे मी शपथेवर सांगते. तरी त्यानं मान हलवली, पेटी उचलली, फळ्यापुढच्या चौथऱ्यावरून खाली उतरला आणि रत्नव्वाच्या बाकाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं.

पेटीवर एकच सूर वाजला. रत्नव्वाचा चुकीचा सूर.

"हा रत्नव्वाचा सूर," तो पोरांना म्हणाला. "आपण सगळ्यांनी आधी तिच्याकडं जायचं. चला."

पोरं हसायची थांबली आणि गायला लागली. सगळा वर्ग त्या एका सुरावर आला. एकटी पडलेली ती पोरगी आता चाळीस जणांच्या मधोमध उभी होती. तिनं नाक पुसलं आणि तीही गायला लागली. शिवगोंडानं तिला तिथं पोटभर राहू दिलं. मग पेटी हळूच पुढच्या पट्टीवर गेली, थोडी थांबली. रत्नव्वा आली. मग तो अर्धा सूर परत मागं गेला, तिच्याबरोबर. परत पुढं आला, तिच्याबरोबर. आणि मग एकदा त्यानं सूर चढवला तेव्हा ती कुठं चढली ते तिलाही कळलं नाही. बरोबर जागी जाऊन उभी राहिली आणि स्वतःच दचकली. त्यानं पेटी थांबवली. ती तशीच गात राहिली, एकटी, बरोबर, आणि हसत.

मला काय वाटलं ते सांगते. मला मत्सर वाटला. इतक्या वर्षांत मी शेकडो चुका थांबवल्या होत्या, पण चुकलेलं पोर असं हसताना मी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात मधल्या बाकावरून एक हात वर झाला. घोगऱ्या आवाजाची एक मुलगी. "सर, मला त्या ताईंनी नुसते ओठ हलवायला सांगितलंय. मी म्हणू का आता? माझ्या सुराकडं पण या."

इनामदारबाईंनी परत माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. शिवगोंडा पेटी उचलून मधल्या बाकाकडे गेला, आणि मग काय विचारता, चारी बाजूंनी हात वर झाले. जो तो म्हणतोय, सर, इकडं या. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा तो पार मागच्या रांगेत पोचला होता आणि पोरं त्याला सोडायला तयार नव्हती.

शिक्षकांच्या खोलीत आम्हा दोघींपुढे चहा आला. इनामदारबाईंनी कपाला हात लावला नाही. गुणांचा कागद पुढे होता आणि चूक दुरुस्तीचं सदर अजून कोरं होतं. त्या विंचवासारखं बोलतात म्हणून ऐकलं होतं, मी तयारीनं बसले.

"लबाडी तुमच्या त्या खिडकीतल्या मुलीची," त्या म्हणाल्या. "उद्या तिचा पाठ आहे. वर्ग मी निवडणार, गाणंही मी देणार. सांगा तिला."

सांगते, म्हटलं.

"आणि ह्या मुलाला, पोराच्या सुरावर आधी आपण जायचं आणि मग त्याला घेऊन यायचं, हे कुणी शिकवलं? तुम्ही?"

खरं सांगते, हो म्हणायचा मोह झाला. हो म्हटलं असतं तर कॉलेजचं नाव झालं असतं, माझंही झालं असतं, आणि शिवगोंडाचं काही बिघडलं नसतं. पण त्या बाईंच्या डोळ्यांपुढे खोटं बोलणं जमण्यासारखं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "दोन वर्षं मी त्याची तीच खोड मोडायला बघत होते."

इनामदारबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या चक्क हसल्या. "मग तुम्हाला ते जमलं नाही हे फार बरं झालं." कोऱ्या सदरात त्यांनी आकडा लिहिला, कागद माझ्याकडे सरकवला आणि चहा प्यायला लागल्या.

मी बाहेर आले. शिवगोंडा शाळेच्या पायरीवर पेटी मांडीवर घेऊन बसला होता. शबाना थोड्या अंतरावर भिंतीकडे तोंड करून रडत होती. मला बघून तो उठला आणि नेहमीसारखा बुटांकडे बघायला लागला. परत नापास झालो ना, बाई, म्हणाला. हे विचारणं नव्हतं, तो मला सांगत होता, मला वाईट वाटू नये म्हणून.

"या पाठाला एकजण नापास झालंय," मी म्हटलं, "पण तो तू नव्हे."

त्याच्या चेहऱ्यावर आनंद यायच्या आधी घाबरेपणा आला. तो धावत माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "शबानाला नको वो, बाई. माझ्यासाठीच केलं तिनं. पाहिजे तर माझे गुण कापा, पण तिला एकटीला पाडू नका."

महादेवी आठवली नाही, नोकरी आठवली नाही, सासरा आठवला नाही, पास झाल्याची एवढी मोठी बातमी हातात आलेली आणि हा गडी तिथंही दुसऱ्याच्या चुकीमागून निघाला होता. मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला.

"शबाना नव्हे रे," मी म्हटलं. "मी."